कास्ट आयर्न बुलेट स्लोला टिकत नाही? कार्बोरेटर खोलण्याआधी आणि खोलल्यावर

सिग्नलला बुलेट बंद पडू लागली की पहिला हात जातो कार्बोरेटरच्या स्क्रूवर. स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावरची इंजिनाची गती, वाढवला की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. मग एअर स्क्रू फिरतो, मग जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) बदलतात, मग नवा कार्बोरेटर येतो. आणि एवढं सगळं करून शेवटी कळतं की पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, गॅपच मिटला होता.

पुढची माहिती ३५० सीसीच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटसाठी आहे: मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (पॉइंटवरची जादा ठिणगी कंडेन्सर आवरतो), व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडच्या खालच्या टोकाला टॅपेटचा ॲडजस्टर. ५०० ला व्हीएम २८ असतो, पण काम त्याच रीतीने करायचं. गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर पॉइंटचा भाग सोडून द्या. क्रम मात्र सोडू नका: पेट्रोल, टॅपेट, पॉइंट, हवेची गळती आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. टॅपेट लावला की स्लो बदलतो, पॉइंट लावला की स्लो बदलतो. स्लो आधी लावून बसलात तर तो पुन्हा लावावा लागणारच आहे.

## तयारी

गाडी आदल्या रात्रीपासून थंड हवी. टॅपेट कोमट इंजिनावर लावता येत नाही, त्यामुळे काम सकाळी सुरू करा. गाडी मेन स्टँडवर आणि सपाट जमिनीवर घ्या. साइड स्टँडवर तिरक्या उभ्या गाडीत फ्लोट बाउलमधली, म्हणजे कार्बोरेटरखालच्या वाटीतली, पेट्रोलची पातळीही तिरकी होते, आणि तशा गाडीला लावलेला स्लो रस्त्यावर टिकत नाही.

जवळ ठेवायच्या वस्तू:

- फिलर गेज (०.३५, ०.४० आणि ०.५० मिमीची पाती असलेला)
- मापाचे पाने, नीट बसणारा स्टार स्क्रू ड्रायव्हर आणि अरुंद पात्याचा सपाट स्क्रू ड्रायव्हर
- कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, डोळ्यांना चष्मा
- फ्लोट बाउलचं पॅकिंग, फ्लँजचं (कार्बोरेटर इंजिनाला जिथे टेकतो त्या तोंडाचं) पॅकिंग आणि ओ-रिंग, सगळं नवं
- जाड काचेचा तुकडा आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर
- पाण्याची फवारणीची बाटली, इस्त्रीवाले वापरतात तशी
- विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एक तार
- पांढरं फडकं अंथरलेला ट्रे

सपाट स्क्रू ड्रायव्हरचं पातं पायलट जेटच्या (स्लोला पेट्रोल पुरवणाऱ्या जेटच्या) खाचेत घट्ट बसतं का, हे आधी पाहून ठेवा. जेट पितळेचा असतो. सैल पात्याने खाच एकदा तुटली की तो बाहेर काढणं वर्कशॉपचं काम होऊन बसतं.

सावधान: बंद गॅरेजमध्ये किंवा शेजारी गॅसची शेगडी चालू असताना पेट्रोल काढू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते.

## टप्पा १ : नेमकं काय होतंय ते ठरवा

"गाडी नीट चालत नाही" एवढ्यावरून काही शोधता येत नाही. पाना हातात घेण्याआधी एक फेरी मारून या आणि यातलं काय होतंय ते लिहून ठेवा.

थंड असताना टिकत नाही, गरम झाली की टिकते: स्लोला मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पायलट जेट अर्धवट तुंबलेला असण्याची शक्यता मोठी.

थंड असताना छान, गरम झाली की बंद पडते: मिश्रण घट्ट असेल, टॅपेट टाइट असेल किंवा कंडेन्सर जात आला असेल. तिन्हींचं लक्षण सारखंच दिसतं, आणि क्रमाने जायचं ते त्यासाठीच.

मूठ सोडली तरी इंजिन चढलेलंच राहतं आणि मग सावकाश उतरतं: कुठून तरी हवा घेतंय, किंवा थ्रॉटलची केबल अडकते.

जोरात ब्रेक मारला की बंद पडते: फ्लोटची (बाउलमध्ये तरंगून पेट्रोल थांबवणाऱ्या भागाची) पातळी.

पाच-सात किलोमीटरनंतर अचानक दम तुटतो, थोडं थांबलं की पुन्हा चालू: टाकीच्या झाकणाचं भोक.

हेडलाइट लावला की स्लो पडतो: बॅटरी किंवा चार्जिंग. या गाडीची कॉइल बॅटरीवर चालते. स्लोला अल्टरनेटर जेमतेम पुरतो, आणि बॅटरी कमजोर असेल तर ठिणगीही कमजोर होते. रात्रभर उभ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीने १२.४ च्या खाली दाखवलं, तर आधी ती चार्ज करा आणि बाकी काम उद्यावर टाका.

## टप्पा २ : पेट्रोल येतंय का

कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार अखंड हवी आणि मिनिटभराने बारीक व्हायला नको. बारीक झाली तर टाकीचं झाकण उघडा. धार लगेच सुधारली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाही सुधारली तर कॉकची जाळी काढून धुवा.

बाटलीतलं पेट्रोल पाच मिनिटं तसंच ठेवून उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर ते पाणी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, आणि कॉक नेमका तोच थर आधी कार्बोरेटरला पाठवतो. कोकणात चार महिने पावसात झाकून ठेवलेल्या गाडीत हे हमखास बघा. तसं दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरून ताजं पेट्रोल ओतून भागत नाही.

जुनी नळी बोटांनी दाबून पाहा. चिकट किंवा लिबलिबीत लागली तर बदला. आतून सुटणारे रबराचे कण थेट पायलट जेटमध्ये जाऊन बसतात.

## टप्पा ३ : टॅपेट

इंजिनाच्या उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढा. स्पार्क प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा धरला की कॉम्प्रेशनचा दाब जाणवतो. त्याच स्ट्रोकला पिस्टन अगदी वर आला की थांबा.

या स्थितीत दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. थंड इंजिनावर गॅप शून्य म्हणतात तो हाच. लॉक नट आवळताना ॲडजस्टर थोडा फिरतो, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा फिरवून बघायचं.

इथली नेहमीची चूक म्हणजे टॅपेटचा टिकटिक आवाज नको म्हणून ते जास्त आवळणं. आवाज जातो खरा, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि सिग्नलला गाडी बंद पडते. मग दोष कार्बोरेटरला दिला जातो.

कव्हर लावण्याआधी हेडवरच्या डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्हची (किक हलकी व्हावी म्हणून दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) केबलही बघा. लिव्हरला थोडी ढील हवी. केबल ताणलेली असेल तर तो छोटा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि लक्षण टाइट टॅपेटसारखंच दिसतं.

तपासा: प्लग परत लावा, गाडी न्यूट्रलला घ्या, डिकॉम्प्रेशन न ओढता किकवर हळू वजन टाका. कॉम्प्रेशनच्या जागी किकने तुमचं वजन क्षणभर तरी पेललं पाहिजे. तशीच खाली गेली तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचं काम आहे, आणि ते होईपर्यंत पुढच्या टप्प्यांचा उपयोग नाही.

## टप्पा ४ : पॉइंट, कंडेन्सर, प्लग

पॉइंट पूर्ण उघडलेल्या जागी गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवा. फिलरचं पातं किंचित घासत सरकलं पाहिजे. पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला टेंगूळ आणि समोर खड्डा असेल तर फिलरचं माप फसवं येतं, कारण पातं टेंगळावर टेकतं. बारीक कानशीने सपाट करा, मग कोरा जाड कागद मधे घालून ओढा म्हणजे तेल आणि चुरा निघून जातो. खड्डा खोल असेल तर पॉइंटचा नवा सेटच घाला.

पॉइंटची फायबरची टाच झिजते तसा गॅप मिटत जातो. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, बदलतं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, आणि उलटं कधीच नाही. कॅमला ग्रीस लावायचं ते नखाच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त झालं की उडून पॉइंटवर बसतं.

बुलेटच्या अँपिअर मीटरचा इथे फुकटात उपयोग होतो. किल्ली चालू करून किक हाताने सावकाश दाबत जा. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर घाण आहे. झुकलेला काटा परत आलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय.

कंडेन्सरसाठी इंजिन स्लोवर ठेवून पॉइंटचं झाकण काढा आणि सावलीत बघा. बारीक निळसर ठिणगी चालेल. पॉइंटवर भडक, सतत ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर बदला. हा भाग थंड असताना ठीक वागतो आणि गरम झाला की दगा देतो, त्यामुळे सकाळी मेकॅनिकसमोर गाडी बरोबर चालते आणि दुपारी रस्त्यात मिसिंग (मधेच ठोका चुकणं) सुरू होतं.

प्लगचा गॅप ०.५ ते ०.६ मिमी. सुकं काळं काजळ म्हणजे मिश्रण घट्ट. ओला, तेलकट काळा म्हणजे तेल वर येतंय, त्याला कार्बोरेटर काही करू शकत नाही.

इथवर आलात की गाडी चालू करून बघा. बऱ्याच गाड्या याच टप्प्याला सुधारतात आणि कार्बोरेटर खोलायची वेळच येत नाही.

## टप्पा ५ : हवा खाते का

३५० चा कार्बोरेटर दोन स्टडवर फ्लँजने बसतो आणि मधे उष्णता अडवणारा जाड स्पेसर असतो. पेट्रोल झिरपलं की लोक नट आवळतात, पुन्हा आवळतात. त्या ओढीने फ्लँजचे दोन्ही कान हेडकडे वाकतात आणि मध्ये फट राहते. ५०० ला इथे रबरी मॅनिफोल्ड असतो. त्याला पडलेल्या चिरा वाकवल्याशिवाय दिसत नाहीत.

इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि फवारणीच्या बाटलीने फ्लँजच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला, स्लो चढला किंवा उतरला तर हवा तिथूनच जातेय. पॉइंटच्या डब्यावर पाणी उडू देऊ नका, नाहीतर भलतंच निदान होईल. पेट्रोल किंवा स्प्रे मारून ही तपासणी करणारे बरेच आहेत. शेजारीच तापलेला बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणारा) असतो, हे विसरू नका.

फट सापडली तर कार्बोरेटर उतरवल्यावर वॉटर पेपर काचेवर पसरा, थोडं पाणी टाका आणि फ्लँजचं तोंड त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. नवी ओ-रिंग आणि नवं पॅकिंग घालून दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. सीलंट लावू नका. ते पेट्रोलमध्ये सुटतं आणि आत जातं.

मूठ सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होत असेल तर बेंड पाइप हेडमध्ये जिथे बसतो तो जोडही बघा. तिथून बाहेरची हवा आत गेली तरी तसाच आवाज येतो, आणि त्याचा स्लोशी संबंध नसतो.

## टप्पा ६ : कार्बोरेटर खोलणं आणि धुणं

कॉक बंद करा. उतरवण्याआधी एअर स्क्रू हलक्या हाताने आत बसवा, किती फेरे लागले ते मोजून लिहा आणि मगच बाहेर काढा. आधीचा आकडा हातात नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार?

दोन स्क्रूंमध्ये गफलत होते, म्हणून नीट ओळखून घ्या. मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या घरात शिरून स्लाइडला खालून आधार देणारा, तो स्लोचा स्क्रू. आत गेला की स्लाइड उचलते आणि इंजिन चढतं. एअर फिल्टरच्या तोंडाजवळचा बारीक, तो एअर स्क्रू. तो हवा मोजतो, म्हणून बाहेर काढला की मिश्रण पातळ, आत घेतला की घट्ट. इंजिनाच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरमध्ये तो पेट्रोल मोजतो आणि सगळं उलटं होतं. दुसऱ्या गाडीवर शिकलेला हात बुलेटवर चुकतो तो इथेच.

स्लाइड वर ओढून काढा आणि केबलला तशीच लटकू द्या, फक्त तिच्या खाली असलेली सुई, म्हणजे निडल, वाकणार नाही हे बघा. बाउलचे स्क्रू मऊ असतात. स्टार पूर्ण दाबून बसवा आणि मगच फिरवा. जेट काढायच्या आधी ओ-रिंग, फ्लोट आणि निडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारा) बाजूला ठेवा, कारण क्लीनरच्या स्प्रेने रबर फुगतं.

आता पायलट जेट. सगळा खेळ याच्यापाशी आहे. मेन जेट आणि निडलची उंची ठरवणारी क्लिप स्लोला काही करत नाहीत. मुठीच्या पहिल्या आठव्या भागापर्यंत गाडी पायलटवर चालते. त्यापुढे स्लाइडचा काप आणि निडल, आणि मूठ पूर्ण उघडल्यावर मेन जेट. स्लोचा त्रास असताना क्लिप वर-खाली करण्यात अर्थ नाही.

पायलट जेटचं भोक जेमतेम पाव मिलिमीटरचं. उजेडात धरून आरपार गोल प्रकाश दिसतो का बघा. अंधुक किंवा अर्धचंद्रासारखा दिसला तर आत वार्निशसारखा चिकट थर आहे. क्लीनर मारून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा मारा, मग तांब्याची एक तार हलकेच आरपार घाला. टाचणी, गिटारची तार किंवा ड्रिल बिट घालू नका. स्टील पितळेला खरवडतं, भोक मोठं होतं आणि जेटवर नंबर जुनाच राहतो. मग स्लो कायम घट्ट, आणि कारण कुणालाच सापडत नाही.

जेट धुतला म्हणजे काम संपलं असं समजून इथेच थांबतात आणि बॉडीतली वाट तशीच राहते. स्प्रेची नळी एअर स्क्रूच्या भोकात धरून मारा. पायलट जेट बसतो त्या विहिरीतून फवारा आला पाहिजे, आणि व्हेंचुरीत (हवेच्या मुख्य वाटेत) दोन बारीक भोकांतूनही: एक स्लाइडच्या खाली, एक इंजिनाच्या बाजूला. एका भोकातून आला आणि दुसऱ्यातून नाही, तर वाट अर्धी बंद आहे. तिन्ही ठिकाणचा फवारा स्वतः बघेपर्यंत पुढे जाऊ नका. नंतर कंप्रेसरची हवा मारा. चष्मा घालायचा तो इथे, कारण फवारा उलटून नेमका डोळ्यात येतो.

स्लाइड तिच्या घरात घालून बोटांनी मागे-पुढे हलवा. खडखड आवाज येण्याइतकी ढिली असेल तर हवा तिच्या बाजूने जाते, आणि या कार्बोरेटरला पक्का स्लो लागणार नाही. बदलायचाच असेल तर बाजारात डुप्लिकेट भरपूर आहेत. त्यांच्या जेटवरचा नंबर आणि भोक जुळेलच असं नाही, तेव्हा जुने चांगले जेट फेकू नका.

## टप्पा ७ : फ्लोट आणि चोक

निडल व्हॉल्व्हच्या टोकावर गोल कंगोरा पडला असेल तर बदला. बॉडी उलटी धरा. फ्लोटचा हात व्हॉल्व्हला नुसता टेकलेला असताना बाउलच्या तोंडाला समांतर दिसला पाहिजे. कमी-जास्त असेल तर पितळी जीभ अगदी थोडी वाकवा, पण फ्लोट दाबून वाकवू नका. फ्लोट हलवून आत पेट्रोल खळखळतंय का तेही ऐका. गळका फ्लोट बुडतो आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकत राहतं.

चोकचं म्हणाल, तर व्हीएममध्ये हवा अडवणारी झडप नसते. वेगळ्या वाटेने जादा पेट्रोल सोडणारा एक छोटा प्लंजर असतो. त्याच्या तळाचं रबर झिजलं की चोक बंद असूनही पेट्रोल जात राहतं, स्लो घट्ट होतो आणि एअर स्क्रू तीन फेरे बाहेर काढला तरी फरक पडत नाही. रबरावर सीटची गोल खोल खूण दिसली तर प्लंजर बदला.

ही चोकची वाट इंजिनाच्या ओढीवर चालते. थंड गाडीला किक मारताना मूठ उघडली की ओढ जाते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. "चोक दिला तरी सकाळी चालू होत नाही" ही तक्रार करणाऱ्यांनी आधी मूठ पूर्ण बंद ठेवून किक मारून बघावी.

## टप्पा ८ : जोडणी

पायलट जेट बेताने आवळा. निडलची क्लिप होती त्याच खाचेत. नवं पॅकिंग कोरडंच बसवा. स्लाइडचा काप एअर फिल्टरकडे हवा, आणि तिची खाच बॉडीतल्या पिनवर बसली पाहिजे. उलटी घातली तर ती पूर्ण खाली उतरत नाही आणि पहिल्याच किकला इंजिन ओरडत सुटतं. हात किल्लीवर ठेवूनच गाडी चालू करा.

तपासा: मूठ उघडून सोडा, स्लाइड खाली टेकल्याचा टक् असा आवाज आला पाहिजे. केबलला २-३ मिमी ढील ठेवा. कॉक उघडून पाच मिनिटं थांबा, बाउलच्या जोडाखालून बोट फिरवा आणि ते कोरडं आहे ना बघा.

## टप्पा ९ : स्लो लावणं

एअर स्क्रू आत टेकेपर्यंत फिरवा आणि लगेच थांबा. जोर लावला तर त्याचं टोक आणि बॉडीतली सीट दोन्ही कायमची बिघडतात. तिथून दीड फेरा बाहेर काढा. स्लोचा स्क्रू असा ठेवा की स्लाइडखाली साधारण १ मिमीची फट दिसेल.

आता गाडी सहा-सात किलोमीटर चालवून आणा. जागेवर उभी ठेवून तापवू नका. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन उभ्या गाडीत वेडंवाकडं तापतं, आणि त्या तापमानाला लावलेला स्लो रस्त्यावर जुळत नाही.

१. मेन स्टँडवर घ्या. स्लोच्या स्क्रूने इंजिन नेहमीपेक्षा जरा चढतं ठेवा.

२. एअर स्क्रू पाव फेरा बाहेर काढा आणि दहा सेकंद थांबा. इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. घाई करणारे हीच पायरी चुकतात.

३. गती वाढली तर आणखी पाव फेरा. पडायला लागली की मागे या आणि सर्वांत जास्त गतीच्या जागी थांबा. बाहेर काढून लगेचच पडली तर आत फिरवून तेच करा.

४. स्लोच्या स्क्रूने गती खाली आणा.

५. पायरी २ ते ४ पुन्हा करा. पहिल्यांदा स्लाइड थोडी जास्त उचललेली असते, त्यामुळे एअर स्क्रूची खरी जागा दुसऱ्या फेरीतच सापडते.

६. शेवटी एअर स्क्रू एक अष्टमांश फेरा आत घ्या. सकाळचा पहिला स्लो त्याने सुधारतो.

मूठ पटकन पाव उघडून सोडा. गती सरळ खाली येऊन स्थिरावली तर जमलं. वरच रेंगाळली तर मिश्रण पातळ आहे. स्लोच्याही खाली बुडी मारून बंद पडू लागली तर घट्ट आहे.

हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे. कुठल्याही बाजूला गती चढली तर केबलची वाट ताणाची आहे. हे आत्ताच बघा, नाहीतर कळेल ते घाटातल्या वळणावर.

स्लो किती खाली ठेवायचा? दोन ठोक्यांमध्ये श्वास घेता येईल असा डुग... डुग... पुष्कळांना हवा असतो. ऐकायला छान, पण तेलाचा पंप इंजिनाच्या गतीच्या प्रमाणातच फिरतो. एवढ्या कमी गतीला बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला) तेल अपुरं पोचतं आणि बॅटरीही उतरत जाते. ठोके वेगवेगळे मोजता आले पाहिजेत आणि एकही ठोका चुकू नये, याच्या खाली जाऊ नका.

## एअर स्क्रू काय सांगतो

एअर स्क्रू एक ते दोन फेऱ्यांच्या आत जमला तर उत्तम. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेला तर कुठून तरी पेट्रोल जादा येतंय. फिल्टर तुंबलाय का, फ्लोट वर आहे का, चोकचं रबर गळतंय का, हे तपासा. सगळं ठीक असेल तरच पायलट जेट एक नंबर लहान करा, म्हणजे २५ असेल तर २२.५. अर्ध्या फेऱ्याच्या आत जमत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. टप्पा ५ आणि ६ पुन्हा करा, बहुतेक वाट नीट धुतली गेली नसते. खुला फिल्टर किंवा मोकळा सायलेन्सर बसवलेल्या गाडीला मात्र खरोखरच मोठा पायलट लागू शकतो.

स्क्रू कितीही फिरवला तरी काहीच फरक नाही? मग स्लोचा स्क्रू इतका आत गेलाय की स्लाइड उचललेली आहे आणि गाडी पायलटवर चालतच नाहीये. तो मागे घ्या. त्यावर गाडी टिकलीच नाही तर पायलटची वाट बंद आहे.

ई-२० ने मिश्रण थोडं पातळ होतं. साध्या पेट्रोलला वजनाने १ भागास १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. हा फरक बहुतेक वेळा एअर स्क्रू पाव-अर्धा फेरा आत घेऊन निभावतो. उलट महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर, हवा विरळ असल्याने मुंबईत लावलेला स्लो घट्ट वाटतो. दोन दिवसांसाठी जेट बदलत बसू नका. स्क्रू पाव फेरा बाहेर काढा आणि घाट उतरल्यावर परत आत घ्या.

गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर नुसता कॉक बंद करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवणं पुरत नाही. बाउलच्या तळाशी चमचाभर पेट्रोल राहतं. खालचा ड्रेन प्लग काढून तेवढं फडक्यावर घ्या. फडक्यावर हिरवट पावडर किंवा तपकिरी कण दिसले तर गाडी पुन्हा बाहेर काढताना टप्पा ६ पासून सुरुवात करा.